शोधायचे पाचशे रुपये

परवा ऑफिसात चहा पिताना एका मित्राने विचारलं, "तुझ्या त्या गाडीचं शेवटी काय निघालं रे?" मी म्हटलं, "साडेसहाशे रुपयांची रबरी नळी." तो हसला. "मग एवढी बोंबाबोंब कशाला?"

कशाला म्हणजे? ती साडेसहाशेची नळी सापडेपर्यंत माझे एकवीस हजार चारशे रुपये गेले होते. आणि पैशाचं एक वेळ जाऊ दे, पण आई-बाबांना घेऊन घाट उतरताना ब्रेकचं पेडल पायाखालून खाली गेलं होतं. ही गोष्ट आज सविस्तरच सांगणार आहे, कारण मला त्यातून भांडण उकरून काढायचं आहे. थोडंसं गॅरेजवाल्यांशी आणि बरंचसं आपल्याशी. आपल्याशी म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या एसीत बसून पगार घेणाऱ्या, स्वतःला फार तर्कशुद्ध वगैरे समजणाऱ्या लोकांशी.

आधी एक कबुली. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. हसू नका, पुण्यातल्या निम्म्या आयटीवाल्यांची हीच कथा असेल. चार वर्षं यंत्रं शिकायची आणि मग कॅम्पसमध्ये जी सॉफ्टवेअर कंपनी येईल तिच्यात शिरायचं. ऑटोमोबाइल इंजिनिअरिंग हा विषय मी घेतला होता, त्यात मार्कही चांगले पडले होते. 'हायड्रॉलिक ब्रेक सिस्टिमची सुबक आकृती काढून वर्णन करा' हा प्रश्न मी झोपेतही सोडवला असता. आकृती सुबक यायची. प्रत्यक्षात ब्रेकचं निपल पान्याने कधी ढिलं केलं होतं का? छे.

तर झालं असं. माझी गाडी नऊ वर्षांची हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. गेल्या ऑक्टोबरात लक्षात आलं की डाव्या पुढच्या चाकाची रिम काळी पडते आहे. बाकी तिन्ही चाकांवर साधी धूळ, हिच्यावर मात्र काजळीसारखी भुकटी. मग सिग्नलला थांबल्यावर जळका वास यायला लागला. ब्रेक दाबून सोडला की गाडी किंचित डावीकडे ओढायची. अॅव्हरेज सतरावरून चौदावर आलं. एके दिवशी ऑफिसातून घरी आल्यावर उतरून चाकाजवळ हात नेला तर तव्याजवळ नेल्यासारखी धग. उजव्या चाकाजवळ काहीच नाही.

आमच्या घराजवळच्या गल्लीत एक गॅरेज आहे. पत्र्याची शेड, दोन गाड्या मावतील एवढी जागा, एक मेकॅनिक आणि एक पोऱ्या. तिथे गेलो. त्याने चाकाकडे बघितलं, रिमवर पाण्याचे दोन थेंब टाकले, ते चुर्र झाले. म्हणाला, "दोन तास गाडी सोडा साहेब. बघायचे पाचशे रुपये. सापडलं की दुरुस्तीचे वेगळे सांगतो."

मी म्हटलं, "नुसतं बघायचे पाचशे?"

"नुसतं नाही. शोधायचे," तो म्हणाला.

मला ते लुटल्यासारखं वाटलं. अजून हात लावला नाही आणि पाचशे? मी गाडी वळवली आणि मोठ्या रस्त्यावरच्या चकचकीत गॅरेजात गेलो. काचेची केबिन, कॉफी मशीन, गणवेशातली पोरं आणि भिंतीवर मोठ्ठ्या अक्षरात 'मोफत तपासणी'. मोफत म्हटल्यावर आपण कसे खूश होतो, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मोफत तपासणी पाच मिनिटांत झाली. "सर, पॅड गेलेत." पॅड बदलले. दोन हजार आठशे.

चार दिवस बरं वाटलं. मग पुन्हा वास. नोव्हेंबरात पुन्हा तिथेच. "सर, कॅलिपर जाम झालाय, पूर्ण बदलावा लागेल." बदलला. नऊ हजार सहाशे. पुन्हा आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच. जानेवारीत तिसरी खेप. "सर, बेअरिंग असेल. आणि एवढ्या उष्णतेने डिस्कही गेलीय." बेअरिंग पाच हजार दोनशे, डिस्कची जोडी तीन हजार आठशे. बेरीज करून बघा, एकवीस हजार चारशेच येतात. आणि या तिन्ही वेळा मी, मेकॅनिकल इंजिनिअर, काचेच्या केबिनमध्ये कॉफी पीत मोबाइल बघत बसलो होतो. 'कशावरून?' हा एक शब्द मी तिन्ही वेळा विचारला नाही.

मग फेब्रुवारी. आई-बाबांना दापोलीला लग्नाला न्यायचं होतं. म्हटलं महाबळेश्वरावरून जाऊ, बाबांना स्ट्रॉबेरी खाता येतील, मग आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरू. प्रतापगडाचा फाटा मागे टाकला आणि थोड्या वेळाने आई म्हणाली, "अरे, काहीतरी जळतंय." मी म्हटलं, "पुढच्या ट्रकचा क्लच असेल." पुढे ट्रक नव्हता. दोन वळणं गेली आणि ब्रेक दाबला तर पेडल नेहमीपेक्षा बरंच खाली गेलं. मऊ. उशीवर पाय ठेवल्यासारखं. बाबा माझ्याकडे न बघता शांतपणे म्हणाले, "गिअर खाली घे आणि गाडी थांबव." त्यांचा तो शांत आवाज मला अजून ऐकू येतो. सेकंड, मग फर्स्ट, हँडब्रेक हळूहळू ओढत डोंगराच्या बाजूला कशीबशी लावली. बाबांनी उतरून चाकामागे दगड लावला. डाव्या चाकातून धूर येत होता. दुसऱ्या बाजूला दरी होती, आणि तिच्याबद्दल आम्ही तिघांपैकी कोणीच काही बोललं नाही.

आता जरा हिशोब. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचीवर, पोलादपूर जवळजवळ पायथ्याला. उतार धरा १,२०० मीटर. माणसं आणि सामानासकट गाडी धरा १,२०० किलो. वस्तुमान गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उंची, हे बारावीचं गणित. उत्तर येतं साधारण १४ मेगाज्यूल, म्हणजे जवळजवळ चार युनिट वीज. दोन किलोवॅटचा गीझर सलग दोन तास चालवा, तेवढी उष्णता. घाट उतरताना ही सगळी ऊर्जा कुठेतरी जावीच लागते. काही हवेच्या विरोधात जाते, लहान गिअरमध्ये असाल तर बरीच इंजिन खातं, उरलेली ब्रेक गिळतात. चार चाकांनी वाटून घेतली, मधे मधे गार व्हायला वेळ मिळाला, तर ब्रेक हे सहज पेलतात. पण एकच चाक ब्रेक सोडतच नसेल तर? ते सरळ रस्त्यावरही तापत राहतं आणि घाटात तर त्याला गार व्हायला क्षणाची उसंत मिळत नाही.

आणि पेडल मऊ का झालं? ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. त्याचा धर्मच तो. नवं कोरं डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असं मानक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ असेल तर २०५ आणि १४०. म्हणूनच बऱ्याच कंपन्या दर दोन वर्षांनी ते बदला म्हणतात. माझ्या गाडीत कॅलिपर नवा आला, पण टाकीतलं जुनंच ऑइल त्यात उतरवलं गेलं. कॅलिपर तापला, आतलं ऑइल उकळलं, वाफ झाली. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली गेला. आमच्यासारख्या गाड्यांत ब्रेकच्या दोन वेगळ्या लाइन असतात, एक बिघडली तरी दुसरी थोडंफार धरते. त्यामुळे मी आज हे लिहू शकतोय.

तासाभराने चाक गार झालं आणि पेडल पुन्हा कडक लागलं. हा सगळ्यात फसवा क्षण असतो बरं का. वाफेचं पुन्हा द्रव होतं आणि सगळं ठीक झाल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, "चला, हळूहळू जाऊ." आई म्हणाली, "तू जा. मी एसटीने येते." विषय संपला. मागून आलेल्या एसटीला हात करून दोघांना बसवून दिलं आणि मी गाडी उचलून न्यायला ट्रक येईपर्यंत दगडावर बसून राहिलो. तीन तास. विचार करायला भरपूर वेळ होता.

त्या दगडावर बसल्या बसल्या जी गोष्ट डोक्यात आली, ती फार साधी होती. ऑफिसात रात्री दोनला सर्व्हर पडला तर मी काय करतो? आधी रॅम बदलतो, मग डिस्क बदलतो, मग अख्खं मशीन बदलतो, असं करतो का? नाही. मी आधी लॉग बघतो. बिघाड एकाच सर्व्हरवर आहे की सगळ्यांवर, ते बघतो. मग मधोमध कुठेतरी हात घालून विचारतो, इथपर्यंत बरोबर येतंय का? येत असेल तर दोष पुढे, नसेल तर मागे. दर वेळी अर्धा भाग बाद. माझं पोट याच कौशल्यावर चालतं. आणि स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मी चार महिने काय केलं? रॅम बदलली, डिस्क बदलली. डिस्क तर शब्दशः बदलली :)

पुण्याला आल्यावर गाडी थेट गल्लीतल्या गॅरेजात उतरवली. मेकॅनिकने मला ओळखलं. काही बोलला नाही, हे त्याचे उपकार. मी आधीच पाचशेची नोट काढून दिली आणि म्हटलं, "या वेळी मी इथेच उभा राहतो. चालेल ना?" तो म्हणाला, "उभे राहा, पण मधे बोलू नका."

मग त्याने जे केलं ते मी ओळीने सांगतो, कारण लढाई त्याच्यासाठीच आहे.

पहिला प्रश्न त्याने मलाच विचारला. "चारपैकी किती चाकं गरम होतात?" मोफत तपासणीत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आणि खरं तर अर्धं उत्तर या प्रश्नातच असतं. चारही चाकं तापत असतील तर दोष चौघांना सामायिक जागेत, म्हणजे मास्टर सिलिंडर, बूस्टरची दांडी, नीट मागे न येणारं पेडल, किंवा कोणीतरी ब्रेक ऑइलच्या टाकीत भलतंच तेल ओतल्यामुळे फुगलेली रबरी सीलं. मागची दोन्ही तापत असतील तर आधी हँडब्रेकची वायर बघायची, अडकली असेल किंवा जास्त ताणली असेल. आणि एकच चाक तापत असेल तर त्या चाकापाशी किंवा त्याच्या फांदीवर. पुढच्या दोन चाकांचे पॅड-कॅलिपर सारखे, डिस्क सारखी, वयही सारखं. त्यामुळे उजवं चाक म्हणजे आपल्याला फुकट मिळालेलं तुलनेचं माप.

दुसरं, त्याने मापलं. साधं हातात धरायचं इन्फ्रारेड थर्मामीटर. ब्रेक कमीत कमी वापरत मोकळ्या रस्त्याने एक फेरी मारून आला आणि लगेच चारही डिस्क-ड्रमवर धरलं. डावं पुढचं १४८ अंश, उजवं पुढचं ६१, मागची दोन्ही चाळिशीत. चकचकीत धातूवर हे यंत्र आकडा कमी दाखवतं, हेही त्यानेच सांगितलं. म्हणून आकडा किती यापेक्षा दोन बाजूंत फरक किती, हे महत्त्वाचं.

तिसरं, गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले, चाक हाताने फिरवलं. जड, पण फिरत होतं. मग मला आत बसवून पाच-सहा वेळा ब्रेक जोरात दाबायला लावला आणि सोडायला सांगितला. आता चाक फिरेचना. चाक वर-खाली धरून हलवून बघितलं, बेअरिंगमध्ये खुळखुळ नाही. बेअरिंग गेलं असतं तर चालताना घूं घूं आवाज आला असता, वळणावर तो बदलला असता, आणि ब्रेक दाबण्या-सोडण्याशी त्याचा काही संबंध नसता. म्हणजे माझे पाच हजार दोनशे रुपये कुठे गेले, ते तिथेच कळलं.

चौथं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. चाक जाम असतानाच त्याने कॅलिपरवरचं निपल ढिलं केलं. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक फटकन मोकळं झालं! त्या एका चिळकांडीने निम्मे संशयित निर्दोष सुटले. निपल उघडल्यावरही चाक जामच राहिलं असतं, तर दोष यांत्रिक असता, म्हणजे गंजलेला पिस्टन नाहीतर ग्रीस सुकून अडकलेल्या कॅलिपरच्या पिना. पण चाक मोकळं झालं, याचा अर्थ कॅलिपर बिचारा ठीक आहे, त्याच्यात दाब अडकून राहतोय. नऊ हजार सहाशेही गेले.

पाचवं. निपल बंद केलं, पुन्हा ब्रेक दाबून चाक जाम केलं. आता थोडं वर, जिथे बॉडीवरून आलेला लोखंडी पाइप रबरी होज पाइपला जोडलेला असतो, तो जोड ढिला केला. चाक जामच. म्हणजे दाब या जोडाच्या वर अडकलेला नाही. निपलपाशी उघडलं तर सुटतो, होजच्या वर उघडलं तर सुटत नाही. मधे उरलं काय? फक्त होज पाइप. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चाळीस मिनिटं झाली होती.

जुनी नळी त्याने माझ्यासमोर उभी चिरली. बाहेरून ठणठणीत, आत अस्तर फुगून भोक जवळजवळ बुजलेलं. ब्रेक दाबला की लाइनमध्ये पन्नास बारच्या वर दाब सहज जातो. टायरमध्ये असतो दोन-सव्वादोन बार, त्यावरून अंदाज करा. एवढ्या दाबाने ऑइल त्या बुजलेल्या भोकातूनही आत घुसतं. पण परत यायला ढकलणारं कोण? कॅलिपरच्या पिस्टनभोवती एक रबरी सील असतं. ते ब्रेक दाबताना किंचित पिळतं आणि सोडल्यावर मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. बस, तेवढाच जोर. तो जोर त्या भोकातून ऑइल मागे रेटायला पुरत नाही. म्हणजे नळीची झाली एकेरी वाट. आत प्रवेश, बाहेर नाही. गार झाल्यावर हळूहळू दाब झिरपून सुटतो, म्हणून दर वेळी गॅरेजात पोचेपर्यंत गाडी शहाण्यासारखी वागायची.

नवी नळी साडेसहाशे. वर सगळं जुनं ऑइल काढून नवं भरलं, चारही चाकांची हवा काढली, त्याचे वेगळे. पुन्हा फेरी मारली. डावं ६३, उजवं ६१.

आता भांडणाकडे येतो.

पहिली गोष्ट, पार्ट बदलणं म्हणजे निदान नव्हे. पार्ट बदलून बघणं हा अंदाज आहे आणि त्या अंदाजाचं बिल आपण भरतो. मला त्या मोठ्या गॅरेजला चोर म्हणायचं नाही. प्रत्येक वेळी त्यांनी दिलेलं कारण शक्य कोटीतलं होतं. पॅड जातात, कॅलिपर जाम होतात, बेअरिंगही जातात. पण 'असू शकतं' आणि 'आहे' यांच्यामध्ये एक पान्याचा वेढा असतो, आणि तो कोणी दिला नाही. कारण मोफत तपासणी नावाच्या गोष्टीत तपासणीला पैसेच नसतात! पैसे कशाला असतात? पार्टला. मग सापडणार काय? पार्टच. जिथे शोधणं फुकट आणि बदलणं विकत, तिथे कोणी शोधत बसेल अशी अपेक्षा ठेवणारा माणूस भाबडा. तो भाबडा मी.

तुम्ही म्हणाल, अरे, कधी कधी शोधण्यापेक्षा बदलणं स्वस्त पडतं. मान्य. तीस रुपयांचा फ्यूज बदलून बघायला माझी हरकत नाही. पण मग स्वस्तापासून तरी सुरुवात करा ना! साडेसहाशेची नळी शेवटपर्यंत कोणाला आठवली नाही आणि नऊ हजारांचा कॅलिपर दुसऱ्याच खेपेला आठवला, हा योगायोग मला पटत नाही.

काही जण म्हणतात, थोडं चिकटणं नॉर्मल असतं. हेही अर्धं खरं आहे. डिस्क ब्रेकचे पॅड डिस्कला हलकेच घासून राहतात, हाताने फिरवल्यावर सर्र सर्र आवाज येतो, आणि घाट उतरल्यावर सगळीच चाकं तापतात. नॉर्मल नसतो तो फरक. एक चाक १४८ आणि दुसरं ६१, हे नॉर्मल नाही. ज्याला मापायचं नसतं, त्याचा आवडता शब्द 'नॉर्मल'.

आणि तिसरा सल्ला सगळ्यात लाडका. "जुनी झालीय, विकून टाक." वा! म्हणजे तो धूर दुसऱ्या कुणाच्या तरी आईच्या नाकात जाऊ दे.

पण खरं भांडण आपल्याशी आहे, हे मी सुरुवातीला म्हटलंय. निघताना मी त्या मेकॅनिकला विचारलं, "दादा, सगळेच असं का नाही करत?" त्याने हात पुसता पुसता सांगितलं, "साहेब, दोन तास शोधलं आणि सहाशेची वस्तू निघाली, तर गिऱ्हाईक म्हणतं सहाशेच्या वस्तूला मजुरी कसली एवढी? तेच मोठा डबा बदलला की जुना डबा हातात घेऊन वजन बघतात आणि गुमान पैसे देतात. तुम्हीच नव्हता का गेलात?"

गेलो होतो. काय बोलणार?

विचार करा, आपण कसल्या धंद्यात आहोत. आपल्या कंपन्या क्लायंटला कोडची एक ओळ लिहायच्या आधी 'अॅनालिसिस'चे आठवडेच्या आठवडे बिल करतात. माझ्या टाइमशीटवर 'इन्व्हेस्टिगेशन' या नावाखाली जे तास जातात, त्यातल्या एका तासात या माणसाचे पाचशे रुपये आरामात निघतील. क्लायंट जर म्हणाला, 'नुसतं शोधायचे पैसे?', तर आपण त्याला अडाणी म्हणू. डॉक्टरकडे गेलो की तपासायची फी निमूट देतो, आणि दुसऱ्या वेळी तपासल्याशिवाय गोळी बदलली तर चिडतो. पण हातावर काळं तेल असलेला माणूस विचार करण्याचे पैसे मागतो, तेव्हा आपल्याला ती लूट वाटते. त्याचे हात आपल्याला विकत हवे असतात, डोकं मात्र फुकट. जात नाही ती जात म्हणतात तशी ही आपली सवय. पांढरपेशाचं डोकं तासावर विकलं जातं, कारागिराचं डोकं पार्टबरोबर मोफत.

आणि याची किंमत फक्त पैशात मोजू नका. बिघाड एसीचा असता तर मी घामाघूम झालो असतो, एवढंच. पण हा ब्रेक होता. त्या चार महिन्यांत प्रत्येक बिलासोबत मला एक खोटा दिलासा मिळत होता, 'आता नवीन कॅलिपर टाकलाय, आता काळजी नाही.' त्या दिलाशाच्या भरवशावर मी आई-बाबांना घेऊन घाटात गेलो. निदान न करता केलेली दुरुस्ती बिघाडापेक्षा घातक असते ती यासाठी. बिघाड आपल्याला सावध ठेवतो, अशी दुरुस्ती गाफील करते.

म्हणून हात जोडून नाही, जरा दटावूनच सांगतो. स्वतः निपलं उघडायला जाऊ नका. नंतर लाइनमधली हवा नीट काढता आली नाही तर असलेला ब्रेकही जाईल. डिस्कला हात लावून तर मुळीच बघू नका, आणि तापलेल्या डिस्कवर बाटलीभर पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो. पण गॅरेजात उभं राहून तीन गोष्टी मात्र विचारा. कुठली चाचणी केली? तिच्यात काय दिसलं? आणि हा पार्ट बदलल्यावर बिघाड गेला हे कसं तपासणार? उत्तर 'सर, या मॉडेलला हा प्रॉब्लेम येतोच' असं आलं तर चावी परत घ्या. आणि समोरचा माणूस म्हणाला की शोधायचे पैसे लागतील, तर घासाघीस न करता द्या. सापडलं नाही तरी द्या.

असो. दापोलीचं लग्न माझ्याशिवाय पार पडलं. उकडीचे मोदक आईने डब्यातून आणले. गाडी आता छान चालते, पण आई अजून बसताना डाव्या चाकाकडे एकदा बघून घेते. मीही बघतो. बाराशे रुपयांचं ते थर्मामीटर मी घेतलंय, दर महिन्याला चारही चाकांचे आकडे एका वहीत लिहितो. बाबांनी वही चाळली आणि विचारलं, "हे आधी का नाही केलंस?"

मी म्हटलं, "आधी फुकट होतं ना, बाबा."